दूरचित्रवाणीवरील इतिहास आणि विज्ञान : प्रश्न पुराव्याचा

इतिहासाच्या आणि विज्ञानाच्या नावाने दूरचित्रवाणीवर जे काही दाखवले जाते त्याचा दर्जा घसरला आहे, ही तक्रार आता नवी राहिलेली नाही. शिक्षक ती करतात, पालक करतात आणि ज्यांनी आयुष्यात विज्ञानाचे एकही पुस्तक विकत घेतलेले नाही असे लोकही मोठ्या हळहळीने करतात. मलाही या तक्रारीत सामील व्हायचे आहे. परंतु त्या रांगेत उभे राहण्यापूर्वी काही गोष्टी स्पष्ट केल्या पाहिजेत, कारण हळहळणाऱ्यांचे दोन वर्ग आहेत. एक वर्ग म्हणतो, पूर्वीचे दूरदर्शन किती चांगले होते! दुसरा म्हणतो, लोकांनाच असले काही हवे असते, वाहिन्या तरी काय करणार? पहिले म्हणणे अर्धे खरे आहे. दुसरे साफ खोटे आहे. आणि त्यात 'लोक' म्हणून ज्यांच्याकडे बोट दाखवले जाते, त्यांत तुम्हीआम्हीच आहोत.

दर्जा घसरला म्हणजे नेमके काय घसरले? चित्रे तर पूर्वीपेक्षा कितीतरी देखणी झाली आहेत. समुद्राच्या तळाचे, अवकाशाचे, आकाशातून दिसणाऱ्या किल्ल्यांचे जे दर्शन आज एका बटणासरशी घडते, ते चाळीस वर्षांपूर्वी कोणाला स्वप्नातही दिसले नसते. घसरली आहे ती एकच गोष्ट. 'हे आपल्याला कशावरून कळले?' या प्रश्नाचे उत्तर प्रेक्षकाला देण्याची जबाबदारी कार्यक्रम करणाऱ्याने खांद्यावरून उतरवून ठेवली आहे. आणि माझे म्हणणे असे की, पुरावा नाहीसा झाला म्हणजे सर्वांचे सारखे नुकसान होत नाही. ज्यांच्या पूर्वजांची नावे पोथ्यांत, बखरींत आणि वंशावळींत सुखरूप आहेत, त्यांचे फारसे बिघडत नाही. ज्यांना पोथीला हात लावू दिला गेला नाही, त्यांच्या इतिहासाला पुराव्यावाचून दुसरा आधारच नाही. शिलालेख, खापराचे तुकडे, टाकीचे घाव हीच त्यांची बखर.

आधी जुन्या दूरदर्शनविषयी. मुंबई केंद्र २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले. पुढे त्यावर शालेय चित्रवाणीचे पाठ असत, शेतकऱ्यांसाठी 'आमची माती आमची माणसं' असे, आणि आकाशानंदांच्या 'ज्ञानदीप'ने तर प्रेक्षकांची मंडळे गावोगाव उभी केली. १५ ऑगस्ट १९८४ पासून विद्यापीठ अनुदान आयोगाचे शैक्षणिक कार्यक्रम देशभर दिसू लागले. श्याम बेनेगलांची 'भारत एक खोज' ही ५३ भागांची मालिका १९८८ मध्ये सुरू झाली. तिच्यात महात्मा फुले दिसले. ती भूमिका सदाशिव अमरापूरकरांनी केली होती. १९८९ मध्ये चंदिता मुखर्जींची 'भारत की छाप' ही १३ भागांची मालिका आली. या देशातले विज्ञान आणि तंत्र कोणी घडवले, याचा शोध तिने घेतला. १९९१ पासून 'टर्निंग पॉइंट'मध्ये प्रा. यशपाल प्रेक्षकांच्या प्रश्नांना उत्तरे देत. एवढा मोठा शास्त्रज्ञ, पण बोलणे घरातल्या वडीलधाऱ्या माणसासारखे. उत्तर येत नसेल तर 'मला ठाऊक नाही' असे म्हणायला न लाजणारे.

हे सारे मान्य. पण हा सुवर्णकाळ कोणाचा होता? त्या काळात आमच्या वस्त्यांतून दूरदर्शन संच किती होते? रविवारचा चित्रपट पाहण्यासाठी दुसऱ्याच्या दारात चपलांच्या ढिगाशेजारी बसलेल्या पोरांना 'ज्ञानदीप'च्या वेळी त्या दारात कोण बसू देणार? शिवाय ज्या दूरदर्शनने 'भारत एक खोज' दाखवली, त्याच दूरदर्शनने २५ जानेवारी १९८७ पासून दर रविवारी सकाळी 'रामायण' दाखवून इतिहास आणि पुराण यांतली रेषा पुसायला सुरुवात केली होती, तीही सार्वजनिक यंत्रणेवरून. आणि 'भारत एक खोज' झाली तरी ती नेहरूंच्या डोळ्यांनी घेतलेला शोध होता. तेव्हा जुन्याची आरती ओवाळण्याचे कारण नाही. फरक एवढाच की, ती संस्था आपण जनतेला काही देणे लागतो असे निदान कागदावर मान्य करीत होती. १९८० च्या दशकात पी. सी. जोशी समितीने दूरदर्शनच्या स्वदेशी स्वरूपाविषयी सरकारला अहवाल दिला. तो पुरता अमलात आला नाही; पण संस्थेला जाब विचारायला एक दार होते.

या 'देणे लागतो'चे उदाहरण म्हणून ग्रहणाची गोष्ट सांगतो, कारण ती आपल्याशी फार जवळून निगडित आहे. १६ फेब्रुवारी १९८० रोजी भारतातून खग्रास सूर्यग्रहण दिसले. त्या दिवशी दूरदर्शनने काय केले? लोकांनी घराबाहेर पडू नये म्हणून 'चुपके चुपके' हा चित्रपट दाखवला. डोळ्यांच्या काळजीपोटी केले असेल. परंतु रस्ते ओस पडले आणि आकाशात घडणारी इतकी मोठी गोष्ट एका पिढीने पडद्याआड दडून घालवली. त्यानंतर पंधरा वर्षांनी, २४ ऑक्टोबर १९९५ रोजी पुन्हा खग्रास ग्रहण आले, तेव्हा त्याच दूरदर्शनने ते थेट दाखवले आणि यशपालांनी ते समजावून सांगितले. पंधरा वर्षांत केवढी ही वाटचाल! आज ग्रहणाच्या दिवशी वृत्तवाहिनी लावून पाहा. पडद्याच्या एका चौकटीत दुर्बिणीतले चित्र असते आणि शेजारच्या चौकटीत ज्योतिषी गर्भवतीने विळी हातात धरावी की नाही हे सांगत असतो. वाहिनीच्या हिशेबी दोन्ही पक्षांना समान संधी मिळाली!

शहरी मध्यमवर्गाला ही करमणूक वाटते. आपल्याला ती तशी वाटू शकत नाही. 'दे दान, सुटे गिराण' ही आरोळी वाचकांपैकी अनेकांच्या आजोबा-पणजोबांनी गावात फिरून दिलेली आहे. राहू-केतूंचा संबंध महार-मांगांशी जोडायचा, त्यांना दान दिल्यावाचून सूर्य-चंद्र सुटत नाहीत असे ठरवायचे आणि मग ग्रहणात त्यांच्या झोळीत जुनेर व मूठभर धान्य टाकायचे, ही रीत महाराष्ट्रात पिढ्यान्‌पिढ्या चालली. म्हणजे खगोलशास्त्रातला एक साधा सावलीचा खेळ आमच्या माथी अस्पृश्यता आणि भीक म्हणून मारला गेला. बाबासाहेबांच्या चळवळीने ही आरोळी बंद पाडली. सावली कोणाची कोणावर पडते हे समजणे आमच्यासाठी मानवी प्रतिष्ठेचे प्रकरण आहे. म्हणूनच पडद्यावरचा ज्योतिषी पाहून मला हसू येत नाही.

आता हे असे का झाले ते पाहू. 'लोकांना हेच हवे' या उत्तरापेक्षा खरे उत्तर अधिक गुंतागुंतीचे आहे, परंतु समजायला अवघड नाही.

अमेरिकेच्या 'नासा'ने मे १९७४ मध्ये 'एटीएस-६' नावाचा उपग्रह सोडला. पहिले वर्ष त्याच्यावरून अमेरिकेतल्या अॅपलाचिया या गरीब डोंगराळ भागात शैक्षणिक कार्यक्रम पाठवले गेले. मग तोच उपग्रह सरकवून आपल्याकडे आणला गेला आणि १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षभरात सहा राज्यांतील २४०० खेड्यांना शेती, आरोग्य आणि शाळेचे कार्यक्रम दाखवले गेले. त्या सहांत महाराष्ट्र नव्हता. हा प्रयोग 'साइट' या नावाने प्रसिद्ध आहे. विक्रम साराभाईंचे ते स्वप्न. ते स्वतः १९७१ मध्येच गेले. तिकडे अॅपलाचियातल्या त्या शैक्षणिक जाळ्याचे १९८० मध्ये खाजगीकरण झाले आणि त्याचे नाव 'द लर्निंग चॅनल' ठेवले गेले. आज ती वाहिनी 'टीएलसी' या तीन अक्षरांनी ओळखली जाते. आपल्याकडे तिच्यावर मुख्यतः खाणेपिणे आणि भटकंती दिसते, आणि त्या 'एल'चा अर्थ शिक्षण असा होता हे कोणाच्या गावीही नाही. एका उपग्रहाच्या या दोन लेकरांची कथा मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगतो. संस्थेचा मालक बदलला की नाव तेच राहते आणि आतला ऐवज बदलतो.

आपल्याकडे हा बदल थोड्या वेगळ्या मार्गाने आला. १ जानेवारी १९७६ पासून दूरदर्शनवर जाहिराती आल्या, १९८४ पासून प्रायोजित मालिका आल्या, १९९१-९२ मध्ये उपग्रह वाहिन्या आल्या. १९९५ मध्ये 'डिस्कव्हरी' आली, १९९८ मध्ये 'नॅशनल जिऑग्राफिक', आणि 'हिस्टरी टीव्ही १८' हे नाव २०११ पासूनचे. सुरुवातीची काही वर्षे या वाहिन्यांनी खरोखरच चांगले दाखवले. हिंदीत बोलणारा वाघ आणि हिंदीत बोलणारा शास्त्रज्ञ प्रथमच खोल्याखोल्यांतून दिसू लागला. मग गणित आडवे आले.

हे गणित कसे चालते? काही निवडक घरांतल्या संचांना एक मीटर जोडलेले असते. वाहिनीच्या आवाजात कानाला ऐकू न येणारी एक खूण मिसळलेली असते. मीटर ती ओळखते आणि कोणती वाहिनी किती मिनिटे चालू होती याची नोंद ठेवते. घरातल्या प्रत्येक माणसासाठी एक बटण असते. २०२० च्या सुमारास देशात अशी मीटरे सुमारे ४४ हजार होती आणि दूरचित्रवाणी असलेली घरे सुमारे २१ कोटी. म्हणजे एका मीटरमागे पावणेपाच हजार घरे. शितावरून भाताची परीक्षा होते, हे मला मान्य आहे. नमुना लहान असणे हा स्वतः काही गुन्हा नव्हे. (त्या मीटरांतच फेरफार करण्याचे प्रकरण मुंबई पोलिसांनी ऑक्टोबर २०२० मध्ये बाहेर काढले, ते वेगळे.) माझा आक्षेप मोजमापाच्या हेतूवर आहे. ही मोजणी जाहिरातदारासाठी होते. जाहिरातदाराला प्रेक्षक नको असतो, गिऱ्हाईक हवे असते. म्हणून घरांची प्रतवारी पुष्कळ वर्षे दोन गोष्टींवरून होत आली : घरातल्या मुख्य कमावत्या माणसाचे शिक्षण किती आणि ११ वस्तूंच्या यादीतल्या किती वस्तू घरात आहेत. वीज, पंखा, गॅसची शेगडी, शीतकपाट, दुचाकी, धुलाईयंत्र, रंगीत संच, संगणक, मोटार, वातानुकूलन यंत्र आणि शेतजमीन. बाबासाहेबांचे चित्र, पुस्तकांची फळी, रात्रशाळेत जाणारा मुलगा या वस्तू त्या यादीत नाहीत. आमच्या ऐरोलीत एका बाजूला काचेच्या इमारतींतल्या संगणक कंपन्या आहेत आणि ठाणे-बेलापूर रस्त्यापलीकडे दिघा-रबाळ्याच्या डोंगराला टेकलेल्या वस्त्या आहेत. दोन्हीकडे दूरचित्रवाणी आहे. पण दोन्हीकडच्या पाहण्याची बाजारातली किंमत सारखी नाही. मग 'लोकांना हेच हवे' यातले लोक कोणते?

त्यात खर्चाची भर. एक तासाचा प्रामाणिक माहितीपट करायचा तर महिनोन्‌महिने संशोधन, जाणकारांचे सल्ले, प्रवास. तो करण्यापेक्षा तयार अमेरिकन कार्यक्रम घेऊन त्यावर हिंदी आवाज चढवणे कितीतरी स्वस्त. आणि या कार्यक्रमांची रचनाच जाहिरातीभोवती विणलेली असते. आपल्याकडे कायद्याने तासाला १२ मिनिटे जाहिराती चालतात. प्रत्येक जाहिरातीआधी प्रेक्षक निसटू नये म्हणून एक भयचकित करणारा प्रश्न टांगून ठेवायचा आणि परत आल्यावर आधीचेच पुन्हा उगाळायचे. सुटलेला प्रश्न प्रेक्षकाला मोकळे करतो. न सुटलेला धरून ठेवतो. म्हणून उत्तर देणे हाच या धंद्यात तोटा ठरतो. ही ओढ कुठवर जाते? 'अॅनिमल प्लॅनेट'ने २०१२ मध्ये जलपऱ्यांवर आणि 'डिस्कव्हरी'ने २०१३ मध्ये लाखो वर्षांपूर्वी नामशेष झालेल्या राक्षसी शार्कवर 'माहितीपट' दाखवले. त्यांतले शास्त्रज्ञ नट होते.

याच जातकुळीचा 'एन्शंट एलियन्स' हा कार्यक्रम. त्यात निवेदक कधी खोटे बोलत नाही. तो फक्त विचारतो. 'हे परग्रहावरून आलेल्यांनी तर केले नसेल?' प्रश्नचिन्ह पुढे केले की पुराव्याची जबाबदारी संपली. या कार्यक्रमाने आणि त्याच्या मागोमाग निघालेल्या नकलांनी आपल्या वेरूळच्या कैलास लेण्यालाही सोडले नाही.

मी संध्याकाळी ज्या अभ्यासिकेत शिकवतो तिथे दिघ्याचा एक मुलगा येतो. नववीत आहे, गणितात चांगला. मी लेण्यांविषयी सांगत असता तो म्हणाला, "सर, कैलास माणसांनी केलाच नाही. टीव्हीवर दाखवलंय. दोन लाख टन दगड माणसं कसा काढणार?" त्याने ते भ्रमणध्वनीवर पाहिले होते, वाहिनीचा कार्यक्रम कापून कोणीतरी पुढे पाठवलेला. हा मुलगा वडार समाजातला. त्याचे आजोबा आणि वडील दोघांचीही हाडे पारसिकच्या डोंगरातल्या दगडखाणींत झिजली. त्याच्या घरात सुतकी आणि पहार अजून कोपऱ्यात उभी आहे. आणि त्याला वाटते की दगड फोडणे माणसाला शक्य नाही!

मी त्याच्यावर रागावलो नाही. दुसऱ्या दिवशी त्याच्या आजोबांकडे गेलो आणि सरळ विचारले, "मामा, एवढा डोंगर माणूस वरून खाली कोरत नेईल का?" ते म्हणाले, "वरनंच कोरावा लागतो, गुरुजी. खालनं सुरू केलं तर माल अंगावर येतो. दगडाला शीर असती, ती गावली की दगड सोताहून वाट देतो." मग त्यांनी रांगेत भोके पाडून पाचरी कशा ठोकतात, घण मारताना आवाज बदलला की दगड कुठे फाटणार हे कसे कळते, ते हाताने दाखवले. नातू ऐकत होता.

मग आम्ही अभ्यासिकेत हिशेब मांडला. काढलेल्या दगडाचा नेहमी सांगितला जाणारा अंदाज २ लाख टन. एका माणसाने दिवसाला पाव टन दगड काढला असे धरा. आजोबांच्या मते हे कमीच धरले. वर्षाचे ३०० दिवस. एक माणूस वर्षाला ७५ टन. २०० माणसे १५ हजार टन. म्हणजे १३-१४ वर्षे. बारीक कोरीव काम वेगळे, त्याला आणखी हात आणि आणखी वर्षे लागणार. तेव्हा राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याच्या, म्हणजे आठव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या, राजवटीत या कामाचा मोठा भाग झाला असे अभ्यासक म्हणतात, त्यात आकाशातून कोणाला बोलावण्याची गरज पडत नाही. आणि सह्याद्रीत खडक कोरण्याची विद्या तोवर नवी नव्हती; भाजे लेण्यापासून मोजले तर ती हजार वर्षे जुनी होती. ती कशी चाले हे पाहायचे असेल तर अर्धवट राहिलेली लेणी पाहावीत. अजिंठ्याचे २४ क्रमांकाचे लेणे पाहावे. आम्हा ऐरोलीकरांना तर इतके दूर जाण्याचेही कारण नाही. खाडीपलीकडे बोरिवलीच्या जंगलात कान्हेरीचे पहिलेच लेणे अपुरे आहे. काम कुठे थांबले ते तिथे बोट ठेवून दाखवता येते. कोणत्याही वाहिनीने हे दाखवावे. रहस्यापेक्षा ते अधिक थरारक आहे.

कैलास लेण्याचा उल्लेख असलेला एक ताम्रपट बडोद्याला मिळाला आहे, इ. स. ८१२ चा. त्यात कवीने म्हटले आहे की, विमानातून जाणाऱ्या देवांनाही हे काम पाहून विस्मय वाटला. आणि ते ज्याने केले तो शिल्पीसुद्धा, आपल्या हातून हे कसे घडले म्हणून चकित झाला. कवीची अतिशयोक्ती म्हणून सोडून देऊ. तरीही पाहण्यासारखे आहे ते असे की, राजाचे नाव त्यात आहे, शिल्प्याचे नाही. त्याचे आश्चर्य नोंदले गेले, नाव नोंदले गेले नाही.

त्याच्याआधी आठ-नऊशे वर्षे मागे जा. कार्ल्याच्या चैत्यगृहात लेख आहे : धेनुकाकट गावचा सुतार, वेणुवासाचा मुलगा सामी, याने दार केले. कर्जतजवळच्या कोंडाण्यात लेख आहे : कण्हाचा शिष्य बलक याने केले. पितळखोऱ्याच्या यक्षावर लेख आहे : कण्हदास सोनाराने घडवला. कान्हेरीच्या चैत्यगृहातल्या लेखात देखरेख करणाऱ्या भिक्खूंबरोबर 'सेलवढकी', म्हणजे दगडकाम करणारे कारागीर, यांचाही उल्लेख आहे, आणि कल्याणच्या सोनाराने दिलेल्या पाण्याच्या टाक्याची नोंद आहे. बौद्ध संघाच्या भिंतीवर हात राबवणाऱ्याला आपले नाव लिहिता येत होते. मी असे म्हणत नाही की सामी सुतार आपल्या अमुक जातीचा पूर्वज होता. तसे म्हणायला पुरावा नाही. पण कामकऱ्याचे नाव दगडावर येऊ शकत होते, एवढे तर त्या लेखांवरून सिद्ध आहे.

पुढे काय झाले? बौद्ध लेण्यांचा बौद्धांशी संबंध विस्मरणात गेला आणि लोककथेने ती पांडवांच्या नावावर केली. नाशिकच्या त्रिरश्मी लेण्यांना आजही 'पांडवलेणी' म्हणतात. पांडवांनी एका रात्रीत कोरली, म्हणजे कोणाच्याच घामाचा हिशेब नको! परग्रहवासी ही त्याच कथेची नवी आवृत्ती आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी'त अवतारांच्या कथांना उलटतपासणीसाठी उभे केले, ते याच कारणाने. आणि बाबासाहेबांनी अस्पृश्यतेच्या उगमावरील १९४८ च्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत पुराव्याच्या साखळीतले दुवे निखळले असतील तर इतिहासकाराने काय करावे याची चर्चा केली आहे. तर्क करावा, परंतु हा तर्क आहे असे सांगून करावा. निश्चित काय, संशयास्पद काय, हे वेगळे ठेवावे. ही शिस्त एका बाजूला ठेवा आणि 'असे तर नसेल?' हे प्रश्नचिन्ह दुसऱ्या बाजूला. दोन्हीकडे कल्पना आहे. एकीकडे ती हिशेब देते, दुसरीकडे हिशेब चुकवते.

मराठी वाहिन्यांवर इतिहास आता मुख्यतः मालिकांतून येतो. त्याविषयी थोडक्यातच लिहितो, कारण तो वेगळ्या लेखाचा विषय आहे. २०१९ मध्ये 'स्टार प्रवाह'वर बाबासाहेबांच्या जीवनावर मालिका आली आणि वर्षाहून अधिक चालली. तिच्यात पार्श्वसंगीत फार आणि प्रश्न कमी, असे माझे मत आहे. तरीही चवदार तळे घराघरांत दिसले, ही लहान गोष्ट नव्हे. जानेवारी २०२० मध्ये 'सोनी मराठी'वर 'सावित्रीजोती' सुरू झाली. तिच्या संशोधनाशी प्रा. हरी नरके संबंधित होते, त्यामुळे प्रसंगांना कागदपत्रांचा आधार होता. ती त्याच वर्षाच्या डिसेंबरात बंद झाली. कारण प्रेक्षकसंख्या अपुरी. अपुरी कोणत्या मीटरवर, हे वर आलेच आहे.

मग करायचे काय? संच फोडून काही होणार नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ फेब्रुवारी १९९५ च्या निकालात स्पष्ट सांगितले की, प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे. तो निकाल देणाऱ्यांत न्या. पी. बी. सावंत होते, हे मराठी कार्यकर्त्यांनी विसरू नये. मालमत्ता आपली, तर भाडे मागण्याचा अधिकारही आपला. नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने वाहिन्यांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली, त्यांत असे एक भाडे लावले होते : रोज ३० मिनिटे सार्वजनिक हिताचे प्रसारण. विषयांच्या यादीत शिक्षण होते, विज्ञान-तंत्रज्ञान होते, दुर्बल घटकांचे कल्याणही होते. जानेवारी २०२३ च्या खुलाशाने ही अट बरीच सैल केली. मिनिटे इतर कार्यक्रमांत विखुरली तरी चालतील, महिन्याला १५ तास भरले म्हणजे झाले. फक्त मध्यरात्र ते सकाळी सहा ही वेळ धरली जाणार नाही. सैल का होईना, दोरी आहे. किती वाचकांनी एखाद्या वाहिनीला पत्र लिहून विचारले की, तुमची ती ३० मिनिटे कोणती?

दुसरी दोरी महाराष्ट्राची स्वतःची आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी खून झाल्यानंतर जादूटोणाविरोधी कायदा आला. मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने ५ जानेवारी २०२१ रोजी त्याच कायद्याखाली दूरचित्रवाणीवरून 'हनुमान चालिसा यंत्रा'सारख्या चमत्कारी वस्तूंची जाहिरात करून विक्री करणे बेकायदा ठरवले. एका नागरिकाने चिकाटीने चालवलेल्या खटल्याचे ते फळ.

आमच्या अभ्यासिकेत मुलांनी एक वही घातली आहे. तिच्यात चार रकाने आहेत : तारीख, वाहिनी, काय सांगितले, कशावरून सांगितले. ज्या नोंदीत चौथा रकाना कोरा राहतो तिचे पत्र वाहिनीला जाते, पोस्टाने, खाली मुलांच्या सह्यांनिशी. दिघ्याच्या त्या मुलाने पहिले पत्र कैलास लेण्याविषयी लिहिले. त्यात त्याने १५ हजार टनांचा हिशेब मांडला आणि आजोबांना विचारण्यासाठी घरचा पत्ताही दिला. मी सुचवले होते की पत्ता अभ्यासिकेचा द्यावा. तो म्हणाला, "नको सर. त्यांना दगडाचं विचारायचं असेल तर घरीच यायला पाहिजे."